माळेला तंबाखू चालते का?

मावशी, नमस्कार.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीपासून दोन कोसांवर. मालक दहा वर्षं प्यायचे. शेवटी शेवटी तर सकाळी उठल्या उठल्या लागायची. यंदा आषाढीला महाराजांच्या हातून त्यांनी माळ घातली आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवले नाहीत. द्वादशीच्या रात्री मात्र झटका आला. दात बसले, तोंडाला फेस आला. सासूबाईंनी कांदा हुंगवला. भावकीतले म्हणाले, देव परीक्षा बघतोय, दवाखान्यात नेऊ नका, तिथं दारूचंच औषध देतात, माळ बाटेल. पुढं दोन दिवस ते बडबडत होते, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणायचे. मग उतरलं.

आता चांगले आहेत. रोज हरिपाठ, एकादशी. आत्ता काकडा सुरू झालाय, तर पहाटे चारला उठून जातात. पण तंबाखू चौपट झाली. आधी एक पुडी दोन दिवस जायची, आता दिवसाला दोन लागतात. बोललं तर म्हणतात, माळेला दारू-मटण चालत नाही, तंबाखू चालते. टाळकरी खातात, विणेकरी खातात, महाराजांच्या पिशवीतसुद्धा चुन्याची डबी असते. परवा मी जास्तच बोलले तर म्हणाले, लई मागं लागलीस तर माळ काढून ठेवीन, मग बघ. तेव्हापासून मी गप आहे. पोरगा अकरा वर्षांचा आहे, पुडी आणायला त्यालाच पाठवतात. सासूबाई मशेरी लावतात, त्यामुळं त्याही माझ्या बाजूनं बोलत नाहीत.

मावशी, धर्मात तंबाखू चालते का नाही, तेवढं स्पष्ट लिहा. मी त्यांना मोबाइलवर दाखवीन.

गंगाखेडकडची एक सून

*

बाई गं,

वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. टाइप केलेल्या पत्रात खाडाखोड दिसत नाही. तुझ्या खाडाखोडीबद्दल शेवटी बोलते.

धर्माचं विचारलंस, ते सांगतेच. पण तुझं पत्र वाचताना माझा जीव अडकला तो द्वादशीच्या रात्रीत. तू ते दोन ओळींत उरकलंस, म्हणून मला तिथं थांबायचंय.

मी एकोणतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. पुरुषांच्या वॉर्डात श्रावणाचा पहिला आठवडा आला की आम्हाला धास्ती असायची. गटारीला पोटभर पिऊन घ्यायची आणि श्रावण पाळायचा म्हणून दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद. मग तिसऱ्या दिवशी चार जण त्याला धरून आणणार. हात लटलट कापतायत, अंगाला घाम, अंथरुणावरून काहीतरी वेचतोय. सोबतचे सांगणार, "सिस्टर, याला बाहेरचं झालंय." एकाच्या दंडाला मी एकदा सात ताईत मोजले होते. सलाईनला शीर सापडेना, म्हणून आधी ते वर सरकवावे लागले.

बाहेरचं त्यात काही नसतं. दारू मेंदूला थंड करते. रोजच्या रोज, वर्षानुवर्षं ती मिळत राहिली की मेंदू आपला विस्तव तेवढा जास्त पेटवून ठेवतो, म्हणजे हिशेब जुळतो. दारू एका रात्रीत थांबली की थंड करणारं गेलं आणि विस्तव तसाच धगधगत राहिला. सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास सुरू होतात: मुंग्या, साप, मेलेली माणसं. ताप चढतो, नाडी पळते. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. तुझे मालक वाचले, पांडुरंगाची कृपा म्हण हवं तर, मी आड येत नाही. पण ती परीक्षा नव्हती. सकाळी उठल्या उठल्या लागायची असं तू लिहिलंस ना, तीच खूण होती. अशा माणसानं दारू जरूर सोडावी, पण डॉक्टरच्या नजरेखाली सोडावी.

आणि दवाखान्यात दारूचं औषध देत नाहीत. मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या देतात, पाच-सात दिवसांत कमी करत करत बंद करतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलं नसतं आणि त्यावाचून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. यात माळ बाटेल असं काहीही नाही. माझं तर म्हणणं आहे, माळ घालणाऱ्या महाराजांनी समोरच्याला आधी दोन प्रश्न विचारावेत: रोज किती घेतोस आणि शेवटची कधी घेतलीस. रोज पिणारा असेल तर आधी दवाखाना, मग माळ. आठ दिवसांनी काय बिघडतं?

हे सगळं एवढ्यासाठी लांबवलं की एकदा असा झटका आलेला माणूस पुन्हा प्यायला लागला आणि पुन्हा एकदम थांबला, तर दुसऱ्यांदा झटका येण्याची भीती जास्त असते. तशी वेळ येऊ नये. आली तर कांदा हुंगवत बसू नकोस. झटका येत असताना त्यांना कुशीवर वळव, तोंडात चमचा-बोट काही घालू नकोस, आणि १०८ ला फोन लाव.

आता तुझा प्रश्न.

ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० साली. नामदेव नरसीचे, तुझ्या गंगाखेडच्या जनाबाई त्यांच्याच घरच्या, तेही त्याच काळातले. त्यांच्यातल्या कुणीही तंबाखू पाहिलेली नाही, कारण ती आपल्या मुलखात नव्हतीच. ते अमेरिकेतलं झाड. पोर्तुगीजांनी ते इकडं आणलं, आधी दख्खनच्या बंदरांत आणि दरबारांत रुळलं, आणि विजापूरहून परतलेल्या एका सरदारानं ते अकबरापुढं ठेवलं तेव्हा सतरावं शतक नुकतं लागलं होतं. पैठणचे नाथमहाराज १५९९ ला गेले. म्हणजे दारूबद्दल जुन्या ग्रंथांत जागोजाग सापडतं आणि तंबाखूबद्दल सापडत नाही, याचं कारण एवढंच की लिहिणाऱ्यांना ती ठाऊक नव्हती. त्यावरून "चालते" असं कसं म्हणायचं? ज्ञानोबांनी मोबाइलवर पत्ते खेळू नका असंही कुठं सांगितलेलं नाही.

तुकोबांपर्यंत मात्र ती येऊन पोचली होती, आणि तुकोबांनी तिला सोडलेलं नाही. गाथेत कलियुगातल्या ढोंगी संतांवरचा एक अभंग आहे, त्यात "तोंडीं तमाखूची नळी" असं सरळ नाव घेऊन म्हटलंय. तंबाखू, भांग आणि मद्य एकाच अभंगात बसवलेत, आणि शेवटी अशा ठिकाणी पांडुरंग कुठला, असं विचारलंय. तुझ्या मालकांनी तो ऐकला असणार. त्यांचं उत्तरही मला ठाऊक आहे, माझे वडील तेच द्यायचे: "तुकोबा ओढणाऱ्यांना बोललेत, मी खातो." वडील पखवाज वाजवायचे. भजन ठरलं की आधी पखवाजाला कणीक आणि मग गालात बार, हा क्रम कधी चुकला नाही. आणि नळीचं म्हणशील, तर आपल्याकडं विडी-सिगारेट ओढणारे तसे थोडेच. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांत साधारण चारात एक जण तोंडातली तंबाखू वापरणारा निघाला. ओढणारे शंभरात चारही नव्हते. सगळा महाराष्ट्र वडिलांच्या पळवाटेनं चाललाय म्हणायचा.

पळवाट फक्त वारकऱ्यांची आहे असं नाही. विहारात रोज पंचशील म्हणतात. त्यातलं पाचवं शील मद्याचं आणि बेसावध करणाऱ्या नशेचं. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू पिणार नाही ही एक आहे. तिथंही वंदना संपल्यावर पायरीवर बसून मळणारे आहेतच, "शीलात तंबाखूचं नाव कुठं आहे" म्हणत. आमच्या वॉर्डातल्या मावशी मुसलमान होत्या. त्यांचे मालक दारूला हराम म्हणून शिवायचे नाहीत आणि पुडी मात्र कायम सदऱ्याच्या खिशात. पण रमजानात तेच गृहस्थ पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत, तेरा-चौदा तास, चिमूटभरही तोंडात टाकायचे नाहीत. हे लक्षात ठेव, पुढं कामाला येईल.

एकच घर असं आहे जिथं पळवाट ठेवलेली नाही, आणि ते तुझ्यापासून लांब नाही. नांदेड. गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये जिथं देह ठेवून गेले ते तख्त सचखंड हुजूर साहिब. अमृत घेतलेल्या, म्हणजे खालशाची दीक्षा घेतलेल्या शिखाला चार गोष्टी सक्त मना आहेत, आणि त्या चारांत तंबाखू नावानिशी आहे. खाण्याची, ओढण्याची, हुंगायची, कसलीही. तिथं "पण आमचे ग्रंथी खातात" असं कुणी म्हणू शकत नाही. कधी गुरुद्वाऱ्याच्या लंगरला गेलीस तर बघ, आत जाताना आपली माणसं खिशातली पुडी बाहेर कुठंतरी ठेवून जातात. दोन तास राहतातही तिच्याशिवाय.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: माळेच्या नेमांत तंबाखूचं नाव बहुतेक ठिकाणी घेत नाहीत हे खरं, आणि ज्या तुकोबांचे अभंग म्हणत ती खाल्ली जाते त्यांना ती मान्य नव्हती हेही खरं.

पण एक विनंती. हे त्यांना मोबाइलवर दाखवू नकोस.

दाखवलंस तर काय होईल सांगते. ते दुसरा अभंग काढतील. तू महाराजांकडं जाशील, महाराजांची डबी मधे येईल. चार दिवसांत वाद तंबाखूचा राहणार नाही, "बाई माणूस मला धर्म शिकवते" यावर येईल. आणि तिथं तुझ्या सासूबाई, भावकी, अख्खा टाळकऱ्यांचा मेळ त्यांच्या बाजूला उभा राहील. ज्या लोकांनी त्यांची दारू सोडवली, त्यांच्याशीच तुझं भांडण होऊन बसेल.

कारण सोडवली ती त्यांनीच. दहा वर्षं तू रडलीस, शपथा घातल्यास, पोराची आण घातलीस (लिहिलं नाहीस, पण घातली असशीलच), तेव्हा सुटली नाही. सुटली ती अशी की एक तिथी ठरली, चार माणसांसमोर गळ्यात माळ पडली, आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या ज्या वेळेला पाय गुत्त्याकडं वळायचे त्या वेळेला हरिपाठाला हाक यायला लागली. बघ, तिथी, साक्षीदार आणि रिकाम्या वेळेला काम. दवाखान्यातले समुपदेशक ह्याच तीन गोष्टी कागदावर लिहून देतात. तुझ्या मालकांच्या गळ्यात ते आयतं आहे. फक्त त्या यादीत तंबाखू घालायची राहिली.

ती चौपट का झाली, तेही समजून घे, म्हणजे राग थोडा उतरेल. दारू गेल्यावर हाताला आणि जिभेला काहीतरी हवं असतं. शिवाय ज्या मंडळींत ते आता बसतात तिथं पाहुणचार म्हणजे चहा आणि पुडी. शेतात हजेरीच्या माणसांना सकाळी पुडी द्यावीच लागते, नाही दिली तर दुसऱ्या दिवशी माणूस येत नाही. सप्ताहात कीर्तन रंगात येईपर्यंत मांडवाच्या मागं डबी चार हातांतून फिरून येते. तळहातावर चुना आणि तंबाखू मळून टाळी मारली की शेजारचा आपोआप हात पुढं करतो. तो चुना उगाच नसतो. चुन्यामुळं तंबाखूतलं निकोटिन मोकळं होऊन गालातून लवकर रक्तात उतरतं. नुसती पानं चघळून ती तलफ भागत नाही. म्हणजे सवय आहे, सोबत आहे आणि शरीराची मागणीही आहे, तिन्ही.

काही लोक सांगतील, आत्ताच दारू सुटलीय, तंबाखूला हात लावू नका, नाहीतर दारू परत लागेल. वॉर्डात डॉक्टरसुद्धा पूर्वी असं म्हणायचे. पुढं झालेल्या अभ्यासांतून उलटं दिसलं: दोन्ही सोडणारे दारूपासून लांब राहण्यात मागं पडत नाहीत, उलट टिकतात. त्यामुळं थांबायचं कारण नाही.

आता तिथ्या बघ. काकडा नुकताच सुरू झालाय. वसुबारसेच्या आदल्या दिवशी वद्य एकादशी आहे. त्या दिवशी ते भगर-साबुदाण्यावर राहतील आणि तंबाखू मात्र खातील, कारण उपवासाला ती चालते, असंही तुमच्याकडं म्हणत असतील. चातुर्मासात वांगं सुटतं, कांदा-लसूण सुटतो, आणि ही तेवढी सुटत नाही! त्यांना एवढंच म्हण, "यंदाच्या एकादशीला तोंडही उपाशी ठेवून बघता का? एकच दिवस." कायमचं म्हणू नकोस. शेजारचा रोजेदार महिनाभर तेरा-चौदा तास राहतो, त्यांना एक दिवस जमेल. नाही जमलं, दुपारी दोनला हात खिशात गेला, तरी हसू नकोस. दुपारी दोनपर्यंत जमलं हे त्यांना कळलं, तेवढं पुरे.

मग महाराज. तू एकटी जाऊ नकोस, आणि सगळ्यांसमोर तर अजिबात नको. काकडा उरकल्यावर माणसं पांगली की सासऱ्यांना किंवा थोरल्या दिरांना सोबत घेऊन जा. "महाराज, तुम्ही का खाता" हा प्रश्न गिळून टाक. म्हण, "तुमच्या शब्दानं यांची दारू सुटली. आता डॉक्टर म्हणतायत तोंडाला धोका आहे. कार्तिकीला यांना तंबाखूचा नेम द्याल का?" महाराज चांगले असतील तर स्वतःच ओशाळतील. कदाचित त्याच दिवशी आपलीही डबी बाजूला ठेवतील, मी असं एकदा डोळ्यांनी पाहिलंय. आणि टाळाटाळ केली तर? तुमच्या मेळ्यात एखादा तरी म्हातारा टाळकरी असेल ज्यानं आयुष्यात तंबाखू खाल्लेली नाही. नेम त्याच्या साक्षीनं विठ्ठलापुढं घेता येतो.

कार्तिकी दिवाळीनंतर येते हे बरंच आहे. भाऊबिजेपर्यंत घरात पाहुण्यांचा राबता, प्रत्येक जण पुडी पुढं करणार. तो गेला की एकादशी.

सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट जाईल. चिडचिड, डोकं जड, शौचाला साफ होणार नाही, भांड्याचा आवाजसुद्धा सहन होणार नाही. हे दारूसारखं जिवावरचं नसतं, यात झटका येत नाही. दोन ते चार आठवड्यांत बरंच निवळतं. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, दोन मिलिग्रॅमचं, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय. ते साध्या च्युइंगमसारखं सारखं चावायचं नाही. हळूहळू थोडं चावायचं, जिभेला चुणचुणलं की गालात दाबून ठेवायचं, ओसरलं की पुन्हा थोडं. अर्धा तास एक पुरतं. आधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा नको, नाहीतर लागू पडत नाही. तंबाखूचा बार ठेवायची त्यांना सवय आहेच, जागाही तीच. हृदयाचा त्रास असेल किंवा तोंडात जखम असेल तर मात्र आधी डॉक्टरला विचारा. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन फुकट मिळतं. फोनवर हवं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत. दारूची ओढ परत उठली, रात्री झोप लागेना, मन सैरभैर झालं, तर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा नंबर १४४१६, रात्री-अपरात्रीही.

खिसा रिकामा ठेवू नका. बडीशेप, ओवा, भाजलेले तीळ-जवस, लवंग, काहीही चालेल. सुपारी नको. "नुसती सुपारी" असं आपण म्हणतो, पण तोंड आखडण्याचं मूळ सुपारीतच आहे आणि तंबाखू नसली तरी ती एकटी कर्करोग करू शकते.

तोंडावरून आठवलं. हे मात्र कार्तिकीची वाट न बघता उद्याच कर. मालकांना तोंड पूर्ण उघडायला सांग आणि त्यांचीच तीन बोटं, एकावर एक उभी, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का बघ. जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय. बार ठेवतात तिथं, गालात, ओठाच्या आत, जिभेखाली, उजेडात नीट बघ. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, ठेचा-भाकरी खाताना आग होणं, यातलं एक जरी असलं तरी ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरकडं जायचं. ते पुढं परभणीला पाठवतील, आणि लागलंच तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. दारू आणि तंबाखू दोन्ही दहा वर्षं झालेल्या तोंडाला धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त असतो. माझ्या वडिलांना शेवटी पखवाज वाजवता यायचा, पण घास तोंडात जात नव्हता. आम्ही चमच्यानं पेज भरवायचो, आणि गावातली माणसं भेटायला येताना त्यांच्यासाठी पुडी घेऊन यायची.

पोराला दुकानात पाठवणं मात्र आजपासून बंद. इथं समजूत-बिमजूत काही नको. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणं गुन्हा आहे, दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. त्याला जाऊन सांग, "माझ्या पोराच्या हातात पुडी दिलीस तर शाळेत आणि चौकीत दोन्हीकडं सांगेन." मालकांशी भांडू नकोस, दुकानदाराशी भांड. पुडी आणायला स्वतःला जावं लागलं की दिवसाच्या दोनच्या दीड आपोआप होतात.

राहिली ती धमकी. माळ काढून ठेवीन.

अगं, घाबरलेला माणूस बोलतो ते. माळ तुटली तर दुसरी ओवून गळ्यात पडेपर्यंत पाणी न पिणारी माणसं आहेत आपल्याकडं, आणि तुझे मालक पहाटे चारला काकड्याला जातायत. इतक्या सहज ती निघणार नाही. तू मात्र त्या वाक्यानं गप झालीस, म्हणजे त्यांच्या माळेचं ओझं तू तुझ्या गळ्यात घेतलंस. ते बोलले तेव्हा उत्तर देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी, जेवायला वाढताना, पोरं नसताना, एवढंच म्हण: "माळ तुम्ही माझ्यासाठी घातली नव्हती. काढायची तर माझ्यावर काढू नका."

आणि उद्या खरंच पाय घसरला, दारूला नाहीतर तंबाखूला, तर काय करायचं हे आत्ताच दोघांनी ठरवून ठेवा. माळकऱ्याचा घात इथं होतो. एक घोट गेला की त्याला वाटतं, झालं, माळ बाटली, आता लपवण्यापेक्षा उतरवून टाकलेली बरी. आणि उतरवली की मग पूर्वीपेक्षा जोरात. लाजेनं पितो तो. नांदेडला बघ, नेम एवढा कडक, तरी चुकलेल्यासाठी वाट ठेवलेली आहे. त्यानं पाच प्याऱ्यांपुढं, म्हणजे पाच अमृतधारी शिखांपुढं येऊन कबूल करायचं, सांगतील ती सेवा करायची आणि पुन्हा अमृत घ्यायचं. आपल्याकडं असं लिहून ठेवलेलं नाही, म्हणून ते महाराजांच्या तोंडून वदवून घे. नेम देतानाच त्यांना म्हणू दे, "चुकलास तर लपवू नको, त्याच दिवशी माझ्याकडं ये." एवढं एक वाक्य.

सासूबाईंवर रागावू नकोस. पन्नास वर्षं जिनं मशेरीशिवाय सकाळ पाहिली नाही, तिला तुझी बाजू घेणं कसं जमेल? पण त्यांचीही तीन बोटं बघ. "मालकांचं बघितलं, आता तुमचं बघू" म्हणत, गमतीगमतीत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीला रोज लागते, आणि दात दुखायचा थांबतो म्हणून बाया ती औषध समजतात.

आणि हो, खाडाखोड. सासूबाईंच्या मशेरीनंतर तू एक ओळ लिहून त्यावर पेन फिरवलंस. फोटो मोठा करून बघितला तर "मीपण कधी कधी" एवढं वाचता येतं. पुढचं नाही वाचलं मी. उद्या आरसा घे, दिवसाच्या उजेडात बस आणि सगळ्यांत आधी तुझी तीन बोटं बघ. दिवस राहिलेले असतील किंवा अंगावरचं लेकरू असेल तर आशाताईंना खरं खरं सांग, त्या ओरडणार नाहीत. कार्तिकीला मालकांनी नेम घेतला तर तूही त्यांच्या शेजारी उभी राहा. नाही घेतला तरी तुझा तू घे. आणि मला लिही, वहीच्याच पानावर.

तुझी मावशी